'रिस्पॉन्सिबल फॉर' की 'इन चार्ज ऑफ'?

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात मुलाखती घेताना हे दोन्ही सतत कानावर पडतात. मराठीत दोन्ही 'माझ्याकडे आहे'मध्ये बसतात, पण वजन वेगळं.

'आय ॲम इन चार्ज ऑफ डिस्पॅच' म्हणजे डिस्पॅच माझ्या हाताखाली. माणसं मी लावतो, निर्णय माझा. 'रिस्पॉन्सिबल फॉर डिस्पॅच'मध्ये अधिकार असेलच असं नाही, पण काम अडलं तर जाब मला विचारणार. हाताखाली कोणी नसेल तर मी हाच वापरायला सांगते.

मात्र त्यात एक खाच आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका मुलीने ग्राहकाला मेल केला, 'आय वॉज रिस्पॉन्सिबल फॉर द डिले'. तिला म्हणायचं होतं, रखडलेली ऑर्डर मी बघत होते. ग्राहकाने वाचलं, उशीर हिच्यामुळेच झाला. बिचारीला नाहक ऐकून घ्यावं लागलं. 'आय वॉज हँडलिंग द डिलेड ऑर्डर' लिहायला हवं होतं.

'इन चार्ज'मध्ये 'द' घुसला की अर्थ उलटतो: 'इन द चार्ज ऑफ' म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यात. आणि 'रिस्पॉन्सिबल टू'च्या पुढे साहेब येतो, काम नाही. 'इन चार्ज ऑफ' किंवा 'रिस्पॉन्सिबल फॉर'च्या पुढे क्रियापद आलं तर दोन्हीकडे 'आयएनजी': 'फॉर चेकिंग बिल्स', 'फॉर चेक बिल्स' नव्हे.