तीन पायांचं स्क्रू-पॉलिश टूल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कोकणातल्या दमट हवेत वापरलेल्या एचएमटीच्या चावीच्या घड्याळांत पाणी आणि घाम बहुतेक वेळा चावीच्या बाजूने शिरतो. त्यामुळे सेटिंग लिव्हरचा (चावी ओढून काटे लावताना हलणाऱ्या पट्टीचा) आणि केसचे स्क्रू आधी गंजतात. स्क्रूचा सपाट माथा घासून चमकवायचं हे टूल मुख्यतः अशाच स्क्रूंवर वापरलं. पितळी अंग, उंची बदलता येणारे दोन पोलादी पाय. तिसरा पाय म्हणजे पकडीत उलटा धरलेला स्क्रूच.

आधी गंज पूर्ण काढायचा, नाहीतर सुटलेला कण लॅपिंग फिल्मवर (पॉलिशच्या बारीक घासपट्टीवर) फिरतो आणि माथाभर ओरखडे. व्हिनेगर-लिंबू पोलादही खातं, माथा करडा पडतो. तुरटीचं गरम पाणी तर पितळी प्लेटमध्ये तुटलेला स्क्रू विरघळवायला वापरतात, धड स्क्रू त्यात टाकू नका. चिलेटिंग द्रावण (पोलाद न खाता फक्त गंज ओढून घेणारं) ५ मिली पुरतं: दोन ते चार तास, मध्येच एकदा पितळी ब्रशने आटे घासायचे. तापवून निळ्या केलेल्या स्क्रूची निळाईही ऑक्साइडच, ती बहुधा जाणार. द्रावणातून काढून धुतला की लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, मग ड्रायरखाली. ओला राहिला तर पिवळट झाक पुन्हा चढते.

टूलची खरी परीक्षा पायांच्या उंचीत आहे. काचेवर १२ मायक्रॉनची लॅपिंग फिल्म, दोन-तीन हलके फेरे, मग आयग्लासखाली (डोळ्याला लावायच्या भिंगाखाली) माथा बघायचा. ओरखडे पायांपासून लांबच्या कडेलाच दिसले तर पाय उंच झालेत. जवळच्या कडेला दिसले तर आखूड. पाय पाव फेरा फिरवा, पुन्हा बघा. पूर्ण माथ्यावर सारखे ओरखडे आले की मगच ३ आणि १ मायक्रॉन, प्रत्येक टप्प्याआधी स्क्रू आणि पाय दोन्ही पुसून. आरशासारखा काळा पॉलिश हवा असेल तर शेवटी जस्ताच्या ठोकळ्यावर डायमंटीन (पॉलिशची अतिबारीक पूड), अगदी चिमूटभर. घुमटाकार माथ्याला हे टूल चालत नाही.

गंजाचे खोल खड्डे काढायच्या नादी लागू नये. माथा पातळ होतो, खाच उथळ होते, मग स्क्रूड्रायव्हर निसटून शेजारच्या ब्रिजवर (चाकं धरून ठेवणाऱ्या वरच्या पट्टीवर) रेघ मारतो. दोन-चार काळे ठिपके राहिले तर राहू द्यात.

तक्रारी दोन. पकड बारीक आट्यांना नीट धरत नाही: ०.८ मिमीच्या खाली स्क्रू गरगर फिरतो, आट्यांभोवती पातळ कागदाची पट्टी गुंडाळावी लागते. आणि पोलादी पाय फिल्मवर झिजतात. सहा महिन्यांत त्यांच्या टोकाला सपाट चकत्या पडल्या, कालची उंची आज जुळेना. किंमत जास्त असली तरी माणकाच्या टोकांचे पाय घेतलेले बरे.

निळाई परत हवी असेल तर पितळी कीस भरलेल्या ताटलीत खाच वर ठेवून तापवा. २९० ते ३०० अंशांना निळा येतो. त्याआधी जांभळा दिसला की तयारीत राहायचं, कारण पुढचे काही सेकंद गेले की तो फिका करडा होतो. बोटाचा ठसा राहिला असेल तर तिथे डाग हमखास, तेव्हा शेवटच्या धुण्यानंतर स्क्रू चिमट्यानेच उचला.