फ्युरा-२ एएम: डाय जुनाच, पण कॅल्शियमची चहाडी बरोब्बर करतो

सरळ सांगते, पेशीच्या आत कॅल्शियम किती आहे ते चमकून दाखवणाऱ्या ह्या डायला पहिल्या आठवड्यात मी एक स्टार देणार होते. १३२१एन१ म्हणजे माणसाच्या ब्रेन ट्यूमरच्या पेशी, अ‍ॅस्ट्रोसायटोमाची लाइन, त्यात डाय भरला, वरून एटीपी सोडलं (पेशींना बाहेरून मिळणारा एक रासायनिक निरोप) आणि स्क्रीनवर कॅल्शियमची रेघ आपली झोपलेली, तीनदा केलं तरी तेच. डाय खराब आलाय म्हणून शिव्या घातल्या आणि मग कळलं की ह्या लाइनमध्ये एटीपी ओळखणारे पी२वाय रिसेप्टर स्वतःचे जवळपास नसतातच, म्हणून तर लोक बाहेरून एकेक पी२वाय घालून तपासायला हीच लाइन घेतात 🙈 मग हिस्टामीन दिलं आणि काही सेकंदात रेघ जी उसळली!

हिस्टामीन एच१ रिसेप्टरला चिकटतं, तिथून जीक्यू हे प्रोटीन जागं होतं, मग फॉस्फोलायपेज सी हे एन्झाइम, त्यातून आयपी३ हा छोटा रेणू सुटतो आणि तो ईआरच्या, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठाराच्या, साठ्याचं दार उघडतो. पेशीत एरवी कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर, बाहेर त्याच्या दहा हजार पट तरी, त्यामुळे जरा दार किलकिलं झालं तरी लगेच दिसतं. मला खरा आवडला तो रेघेचा आकार, आधी टोकदार शिखर मग लांबलचक पठार. बाहेरच्या बफरमधून कॅल्शियम काढून टाकलं तर शिखर येतं पण पठार गायब, म्हणजे शिखर आतल्या साठ्याचं आणि पठार बाहेरून आत येणाऱ्याचं. थॅप्सिगार्गिनने (ईआरमध्ये कॅल्शियम भरणारा पंप बंद पाडणारं रसायन) साठा आधीच रिकामा केला तर मग हिस्टामीन कितीही ओता, शिखर नाही.

डाय १९८५ चा, केमिस्ट रॉजर त्सिएनच्या लॅबचा. ३४० आणि ३८० नॅनोमीटर दोन्ही वेव्हलेंग्थचा उजेड टाकून दोन्हींच्या चमकेचा रेशो घ्यायचा, त्यामुळे एखाद्या पेशीत डाय कमी भरला किंवा थोडा गळला तरी फार फसगत होत नाही. फ्लुओ-४ हा दुसरा कॅल्शियम डाय जास्त चमकतो, साध्या ४८८ वर चालतो, पण त्यात ही सोय नाही.

आता कटकट. ३४० म्हणजे यूव्ही, त्यासाठी मायक्रोस्कोपचं ऑब्जेक्टिव्ह तसं लागतं, साध्यातून ते नीट जातच नाही, आणि यूव्ही जास्त वेळ मारला तर पेशी वैतागतात. ३७ डिग्रीला भरला तर डाय ईआर वगैरेत जाऊन बसतो, मी रूम टेंपरेचरलाच भरते, डाय नीट विरघळायला प्लुरॉनिक हा डिटर्जंट घालून, आणि धुतल्यावर अर्धा तास थांबते, एएम म्हणजे डायला पेशीत शिरू देणारा एस्टर, तो आत तुटायला वेळ लागतो ना. डीएमएसओ ह्या सॉल्व्हंटमधला स्टॉक ओलसर झाला की संपलं, एक अख्खी व्हायल अशीच घालवलीये. आणि नॅनोमोलरचे आकडे आयोनोमायसिन (कॅल्शियम आत सोडणारं) आणि ईजीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं) लावून कॅलिब्रेट केल्याशिवाय कोणाला सांगू नका, नुसता रेशो दाखवा. शिखर मायक्रोमोलरच्या बरंच वर गेलं तर डाय कॅल्शियमने पूर्ण भरून जातो, टोक चपटं दिसतं.

चार स्टार. एक कापला तो यूव्हीसाठी, एटीपीवाला घोळ माझा होता.