लॉर्ड ऑफ द रिंग्ज की व्हील ऑफ टाइम, आधी काय वाचायचं?

मोठी क्वेस्टवाली फँटसी वाचायचीय, या दोघांतलं काय घेऊ, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, तुम्हाला प्रवास हवाय की मुक्काम? दोन्ही मी शेवटपर्यंत वाचलीयेत, जॉर्डनचं व्हील ऑफ टाइम आधी आणि टोल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज नंतर, त्यामुळे लहानपणीच्या प्रेमापोटी बोलतोय असं नाही.

मुक्कामच हवा असेल तर व्हील ऑफ टाइमसारखं दुसरं मी तरी वाचलेलं नाही. तिथली जादूच बघा ना, पुरुषांच्या वाट्याची शक्ती विटाळलेली, वापरणारा हळूहळू वेडा होणार हे ठरलेलं, म्हणजे नायक रँड जितका ताकदवान होतो तितकी त्याच्याबद्दल काळजी वाटायला लागते. आणि आएस सेडाई, म्हणजे जादू करणाऱ्या बायका, खोटं बोलणार नाही अशी शपथ घेतलेल्या, पण खरं बोलूनच समोरच्याला असं फिरवतात की त्यांचे संवाद मी परत परत वाचायचो.

पण 14 भाग आहेत, आणि माझं गाडं अडलं ते रँडचा मित्र पेरिन, त्याच्या बायकोपाशी. आठव्या भागाच्या शेवटी तिला पकडून नेतात, सुटका होते अकराव्यात. मधल्या दहाव्या भागात तर काळच पुढे सरकत नाही, नवव्याच्या शेवटी जे प्रचंड काहीतरी घडलं ते बाकीचे लोक आपापल्या ठिकाणाहून लांबून बघतायत, बराच वेळ तेच. मी तो भाग दोनदा अर्धा सोडला, तिसऱ्यांदा उचलला तेव्हा कोण कोणाच्या बाजूचं हेच आठवेना. जॉर्डन 2007 मध्ये गेल्यावर ब्रँडन सँडरसन या दुसऱ्या लेखकाने शेवटचे तीन भाग लिहिले, त्यात वेग परत येतो हे खरं, पण तिथपर्यंत टिकायला हवं.

प्रवास हवा असेल तर टोल्किन, पण तोही काही भरभर चालत नाही. एल्रॉन्डची सभा लांबलचक आहे, गाणी तर मी पहिल्या वाचनात सोडूनच दिली होती. अंगठी नष्ट करायला शत्रूच्या मॉर्डोर देशातल्या डोंगराकडे निघालेले फ्रोडो-सॅम दुसऱ्या खंडाच्या अख्ख्या पहिल्या अर्ध्यात आपल्याला भेटतच नाहीत, म्हणजे खरं तर हीच तक्रार इथेही करता आली असती. पण मला तसं झालं नाही, कारण ते आपल्याला परत भेटतात तेव्हा डोंगर किती लांब आहे आणि पिशवीत खायला किती उरलंय हे आपल्याला माहीत असतं. सॅम सगळा वेळ परतीच्या वाटेचं खाणं राखून ठेवत असतो, आणि मॉर्डोरमध्ये एका क्षणी त्याला कळतं की परतीचं धरायची गरजच नाही, मग इतके दिवस जपून वाहिलेली स्वयंपाकाची भांडी तो भेगेत टाकून देतो. त्या भांड्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो. ते किती चाललेत हे मला नकाशावरून नाही, त्या भांड्यांवरून कळलं. आणि अंगठीचं काय ते झाल्यावरही सहा प्रकरणं उरतात, ती घाईत उरकू नका, घरी परतणं त्यातच आहे.

प्रत्येकाची आवड वेगळी, हे आहेच. महिनोन्‌महिने एकाच जगात राहायचं असेल तर व्हील ऑफ टाइमचा 1990 चा पहिला भाग, द आय ऑफ द वर्ल्ड, घ्या, तो एकटाही बऱ्यापैकी पूर्ण वाटतो, आवडला तर पुढचे आहेतच. पण एकच वाचणार असाल, किंवा पहिल्यांदाच या वाटेला जाताय, तर मी तरी टोल्किनच हातात देईन. सुरुवातीची हॉबिट, म्हणजे फ्रोडो-सॅमच्या बुटक्या जमातीच्या, लोकांवरची प्रस्तावना जड गेली तर ती नंतरसाठी ठेवा आणि सरळ पहिल्या प्रकरणातल्या, फ्रोडोचा नातलग बिल्बो याच्या वाढदिवसापासून सुरू करा.