घटस्फोटाच्या वकिलाचा अकरा महिन्यांचा अनुभव

मी धरणगावची, केस जळगावच्या कोर्टात. वकील नात्यातल्या एकांनी सुचवले होते. पहिल्या भेटीत अर्धा तास नीट ऐकून घेतलं, "ताई, सहा महिन्यांत मोकळं करतो" म्हणाले. फी पंचवीस हजार ठरली. आप्पांनी कपाशीच्या पैशातून पंधरा हजार तिथेच मोजून दिले. पावती मागायचं आम्हाला सुचलंच नाही.

घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला, तिथवर तक्रार नाही. पण मला खरी गरज अंतरिम पोटगीची, म्हणजे केस चालू असतानाच मिळणाऱ्या पोटगीची होती, मुलाची शाळा सुरू होती. दर वेळी विचारलं की उत्तर एकच: "टाकलाय अर्ज, साहेबांपुढे आहे." तारखेला सकाळच्या गाडीने जायचं, बाहेरच्या बाकावर बसायचं, मग ज्युनिअर येऊन पुढची तारीख सांगणार. घरी आलं की आजी विचारायची, "काय व्हयनं?" सांगायला काहीच नसायचं.

आठव्या महिन्यात बाकावर शेजारी बसलेल्या पाचोऱ्याच्या बाईने मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप दाखवलं. केसचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर टाकला की सगळ्या तारखा दिसतात. माझ्या केसमध्ये पोटगीचा अर्जच नव्हता! आणि मागच्या एका तारखेला "अर्जदार व वकील गैरहजर" अशी नोंद. त्या दिवशी मी अकरापासून त्याच बाकावर होते. "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, तुम्ही बसा, मी बोलवतो," असं ज्युनिअर सांगून गेला होता. पुकारा झाला तो मला ऐकूच आला नाही.

हे इतकं लागण्याचं कारण आहे. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरतात. अर्जच नाही, तर ते महिने गेले ते गेलेच.

वकील बदलायचा म्हटल्यावर जुन्या वकिलांची ना हरकत, म्हणजे दुसरा वकील लावायला लेखी संमती, द्यायला टाळाटाळ. "आधी उरलेले दहा हजार, मग फाइल." फाइलमध्ये माझी लग्नपत्रिका, फोटो, दागिन्यांच्या पावत्या होत्या. फीसाठी वकिलाला अशिलाची कागदपत्रं अडवता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगितलंय. तसं लेखी पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं, तेव्हा पंधरा दिवसांत फाइल मिळाली. दोन पावत्या कमी होत्या.

मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, 1987 च्या कायद्यातच तसं आहे. हे आम्हाला आधी कोणीच सांगितलं नव्हतं, याचं फार वाईट वाटतं. नवीन वकीलबाईंनी पहिल्याच आठवड्यात पोटगीचा अर्ज टाकला, सोबत मिळकतीचं प्रतिज्ञापत्र जोडलं आणि कोर्टाच्या शिक्क्याची प्रत माझ्या हातात दिली. तिसऱ्या तारखेला सहा हजार महिना मंजूर झाला. आधीच्या आठ महिन्यांचं काहीच नाही.

ग्राहक कोर्टात जावं असं भाऊ म्हणत होता, पण वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असा 2024 चा निकाल आहे. म्हणून तक्रार वकिलांवर देखरेख करणाऱ्या महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करतेय. अर्ज लिहून झालाय. रोजनाम्याची (कोर्टातल्या तारीखवार नोंदींची) नक्कल सोमवारी मिळेल, ती जोडली की पाठवणार.