अंदमान की दक्षिण श्रीलंका? दोघांच्या आठवड्याचा हिशोब

दोघांनीच जायचं, आठवडाभराची रजा, समुद्र हवा आणि खर्च आटोक्यात. एवढ्या अटी घातल्या की ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत चर्चा गोव्यावरून सुरू होते आणि अंदमानपाशी येऊन थांबते. कोणी श्रीलंकेचं नाव काढलंच, तर "परदेश म्हणजे महाग" म्हणून विषय मिटतो. आम्ही दोघं दोन वर्षांच्या अंतराने दोन्हीकडे जाऊन आलो, दोन्ही वेळा बुकिंग स्वतःच केलं. एकूण खर्चात सांगण्यासारखा फरक पडला नाही. अंदमानला आम्हाला चेन्नईत विमान बदलावं लागलं, कोलंबोला मुंबईहून थेट गेलो.

नुसतं पाणी बघायचं असेल तर अंदमानच. हॅवलॉक बेटावरच्या राधानगरसारखा किनारा मला श्रीलंकेत दिसला नाही. पाण्याखाली जायची हौस असेल तर प्रश्नच मिटला. हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शेजारच्या नील बेटाचं शहीद द्वीप, पण रिक्षावाल्याच्या तोंडी अजून जुनीच नावं आहेत. सेल्युलर जेलही चुकवू नये. सावरकरांच्या कोठडीबाहेर रांगेत उभे होतो, तर मागेपुढे निम्मे लोक मराठीतच बोलत होते.

अडतं ते बोटीपाशी. आपल्याला बोट म्हटलं की गेटवे-मांडवा आठवतं. एक लाँच चुकली तर चहा घेऊन पुढची. अंदमानात तिकीट आधी काढायचं, त्यावर नाव, मग ओळखपत्र, सामानाची तपासणी, आणि बोटीच्या बरंच आधी धक्क्यावर हजर. पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून श्री विजयपुरम) ते हॅवलॉक, तिथून नील, नीलहून परत अशी तीन तिकिटं काढली की हॉटेलंही त्यांच्याच तारखांना बांधली जातात. किनारा आवडला म्हणून एक रात्र वाढवावी, तर पुढची सगळी तिकिटं हलवा.

आमची नीलची फेरी हवा बिघडल्याने रद्द झाली. त्यात कोणाचा दोष नाही. पण नीलच्या खोलीचे पैसे गेले, हॅवलॉकला आयत्या वेळी दुप्पट भाड्याची खोली घ्यावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी पुढचं तिकीट हाती येईपर्यंत आम्ही धक्क्यावर पाळीपाळीने बॅगांवर बसून होतो. अखेर मिळालेली बोट बंदिस्त, एसीची. खिडकीची काच खाऱ्या पाण्याने पांढरी झालेली, बाहेर समुद्र आहे हे फक्त पोटाला कळत होतं. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी पिशवी मागितली, लगेच त्यांच्या शेजारणीने. बायकोने आवळा सुपारीची डबी उघडली आणि उतरेपर्यंत डोळे मिटून बसली. उघड्या डेकची सरकारी बोट स्वस्त असते, पण तिचं तिकीट काही आम्हाला मिळालं नाही. सहा दिवसांतले जवळजवळ दोन असे गेले. त्यात डिसेंबर. घड्याळ आपलंच असलं तरी ती बेटं इतकी पूर्वेला आहेत की पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. हॅवलॉकला हिंडावं असं शहर नाही, मग सातला जेवायचं आणि झोपायचं.

श्रीलंकेत आम्ही कोलंबो फोर्ट स्टेशनात गेलो, खिडकीवर दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉलची दोन सेकंड क्लासची तिकिटं मागितली आणि समोरच्या गाडीत चढलो. दोघांच्या तिकिटात ठाण्यात धड दोन थाळ्याही आल्या नसत्या. ऑफिस सुटायची वेळ होती, गाडी आपल्या सहाच्या कर्जतसारखी भरलेली. पण रोज लोकलने जाणाऱ्या बाईला यात काय नवल? बायकोने मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी कोण कुठे उतरणार ते विचारून घेतलं, आणि वाटेतल्या कालुतराला लोकलमधली अर्धीमुर्धी चौथी नव्हे, खिडकीजवळची अख्खी सीट मिळवली. पुढे कुठेकुठे रूळ आणि लाटा यांच्यामध्ये फक्त दगडांची रांग.

गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला आणि डचांनी वाढवला, पण तो आपल्या किल्ल्यांसारखा ओस नाही. आत अख्खं गाव नांदतं. संध्याकाळी तटावरून फेरी मारायची, खाली क्रिकेटचं मैदान दिसतं. आत राहणं महाग पडतं, म्हणून आम्ही जवळच्या उनावटुनाला एका कुटुंबाच्या घरी वरची खोली घेतली. सकाळी त्यांनी इडिअप्पम, म्हणजे तांदळाच्या शेवया, वाढले तेव्हा मालवण माहेर असलेल्या बायकोने एक घास घेतला आणि म्हणाली, "अहो, ह्यो तर शिरवळ्यो! रस तेवढो गोड नाय." नारळाच्या दुधाचंच कालवण, फक्त तिखट. शाकाहारी असाल तर खोबऱ्याच्या चटणीत उंबलकड, म्हणजे सुक्या माशाचा चुरा, आहे का ते विचारून घ्या.

तिथेही कटकटी आहेत. टुकटुकवाला, म्हणजे तिकडचा रिक्षावाला, पहिला भाव तोंडाला येईल तो सांगतो. गाडी बोलवायच्या पिकमी ॲपवर आकडा बघून मगच बोला. उनावटुनाचा किनारा हॉटेलांनी खाऊन अरुंद केलाय, पुढच्या मिरिसा गावी लाटा ओढतात, त्यामुळे निवांत डुंबायला अंदमानच बरं. पण मिरिसा आवडलं तेव्हा एका फोनवर आमची रात्र वाढली. परतीच्या बसला रस्त्यावर उभं राहून हात केला, एवढंच.

तुमचं पोट बोटीला सरावलेलं असेल आणि कार्यक्रम आधी आखायला आवडत असेल, तर माझा श्रीलंकेकडचा कल फार मनावर घेऊ नका. दोन्हीकडे जानेवारी-फेब्रुवारी बरा. दिवाळीच्या सुट्टीत दोन्हीकडे पाऊस गाठू शकतो. आणि गॉलला निघालातच, तर जाताना गाडीत उजवी खिडकी धरा, डावीकडे बसलात तर अख्खा समुद्र लोकांच्या खांद्यावरून बघावा लागेल.