वाशीतलं रिकव्हरी सेंटर: आईस बाथ घ्या, बुटांचं नंतर बघू

मुद्द्याचं आधी सांगते. शनिवारी संध्याकाळी तीन तास कथ्थकचा रियाज झालाय आणि रविवारी सकाळी परत घुंगरू बांधायचेत अशी वेळ असेल तर इथला आईस बाथ, म्हणजे गारेगार पाण्याच्या टबात बसणं, पैसे वसूल आहे. आठवड्यातून दोनच क्लास असतील आणि मध्ये चांगले दोन-तीन दिवस मोकळे मिळत असतील तर जाऊच नका, घरी झोपा, तेवढ्या पैशात महिनाभराची अंडी येतात.

नाव टाकत नाहीये कारण खाली थोड्या तक्रारी आहेत आणि तिथल्या फिजिओ मॅडमना माझ्यामुळे काही ऐकावं लागू नये. वाशीत सेक्टर १७ च्या आसपास आहे एवढं पुरे. रेट एका सेशनला हजार-बाराशेच्या घरात, आईस बाथ आणि ते पाय दाबणारे हवेचे बूट दोन्ही मिळून, फिजिओ वेगळी.

आता पार्श्वभूमी म्हणजे कथ्थक, विशारदच्या परीक्षेची तयारी चालू आहे त्यामुळे वीकेंडला बॅच लांबते. बघणाऱ्याला कथ्थक म्हणजे चेहरा, हात आणि चक्कर एवढंच दिसतं, पण चौगुनमध्ये, म्हणजे चौपट लयीत, तत्कार (तालावर पाय आपटणं) सुरू झाला की सगळा मार पोटऱ्या, नडग्या आणि तळव्यांवर असतो, त्यात प्रत्येक पायात दीडशे घुंगरू आणि खाली सोसायटीच्या हॉलची टाइल, जिच्याखाली थेट काँक्रीट. दुसऱ्या दिवशी अंग असं आंबतं की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. उतरतानाच जास्त, चढताना एवढं नाही, कारण उतरताना स्नायू लांब होता होता भार झेलतो आणि ते त्याला सगळ्यात जास्त लागतं. हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत टोकाला जातं, म्हणजे शनिवारचा रियाज रविवार-सोमवारी वसूल होतो, आणि आम्हाला शिकवणाऱ्या ताई रविवारी सकाळी काही सूट देत नाहीत.

आईस बाथबद्दल. टबवर आकडा ११ अंश दिसत होता, कमरेपर्यंत बसायचं, १० मिनिटं. अभ्यासांमध्येही साधारण १० ते १५ अंश आणि १० ते १५ मिनिटं असंच वापरतात त्यामुळे यात अघोरी काही नाही, बर्फात गळ्यापर्यंत बुडून रील काढायची गरज नसते. पहिला मिनिटभर श्वास वरच्या वर अडकतो, तेव्हा बोलू नका, तोंडाने सावकाश सोडत राहा. मी विलंबित, म्हणजे संथ लयीतला, तीनताल मोजते, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर आलं की श्वास सोडायचा, वेळ बरा जातो. आधी शॉवर घ्यायला लावतात आणि पाणी फिल्टर होतं, हे मी मुद्दाम विचारून घेतलं कारण घामेजलेल्या दहा माणसांनंतर आपण त्याच पाण्यात बसणार असू तर नको बाबा. बायकांसाठी वेगळा स्लॉट आहे, चेंजिंग रूम छोटी पण कोरडी. सुती कपडे नेऊ नका, नंतर वाळत नाहीत.

फरक पडतो का, तर पडतो. रविवारी पाय भरलेले नव्हते, अगदी मोकळे झाले होते असंही नाही, पण पहिल्या तत्कारालाच तोंड वाकडं करायची वेळ आली नाही. फक्त यात एक गोष्ट नीट समजून घ्या, गार पाण्याने दुखणं कमी जाणवतं, स्नायूची आतली दुरुस्ती त्याने झटपट उरकते असं कोणी समजू नये. काउंटरवरचा मुलगा मात्र छातीठोक सांगत होता की मॅडम यात सगळं लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं. अहो ते तर रियाज संपल्यावर तासाभरात, फार तर थोडं जास्त, आपलं आपण निघून जातं, तुम्ही वाशीला पोचेपर्यंत काम झालेलं असतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेचं आणि त्यावर येणाऱ्या सुजेचं असतं. बाराशे रुपये घेता तर एवढं तरी स्टाफला शिकवा.

आणि म्हणूनच दर सेशननंतर आईस बाथ घेऊ नका. २०१५ मध्ये एक अभ्यास आला होता, १२ आठवडे पायांचे ताकदीचे व्यायाम केलेल्या लोकांपैकी काहींना प्रत्येक वेळी नंतर १० मिनिटं गार पाण्यात बसवलं आणि बाकीच्यांना नुसती हलकी सायकल, तर सायकलवाल्यांची ताकद आणि स्नायू दोन्ही जास्त वाढले. म्हणजे शरीराला जो निरोप मिळायला हवा की बाबा हा पाय मजबूत कर, तो गार पाण्याने अर्धवट पोचतो. तेव्हा परीक्षेचा आठवडा असेल, विष्णुदास भावे नाट्यगृहात लागोपाठ दोन दिवस कार्यक्रम असेल, किंवा वीकेंडची डबल बॅच असेल तरच. पावसाळ्यात जेव्हा आपण नुसती पायांची तयारी करत असतो तेव्हा थोडं दुखू दे.

घरी करायचं म्हणाल तर नुसत्या नळाच्या पाण्याने होत नाही, आपल्याकडचं पाणी एप्रिल-मेमध्ये अंघोळीला गरम करावं लागत नाही इतकं कोमट येतं. मोठा टब, मासळी बाजारातून बर्फ, आणि थर्मामीटर. गुडघ्यापर्यंतच पाय बुडतात पण पोटऱ्यांना तेच हवं असतं. आई ओरडली की बर्फ पाण्यात आहे, मासे नाहीत हे दाखवायचं.

आता हवेचे बूट. मांडीपर्यंत चढवायचे, चेन लावायची, मग तळव्यापासून वर टप्प्याटप्प्याने हवा भरते, दाबते, सोडते, अर्धा तास. खुर्ची मागे जाते, एसी मस्त, मी दर वेळी झोपले. रात्री पाय थोडे हलके वाटतात हे खरं, पण दुसऱ्या दिवशी उडीत किंवा लयीत काही फरक मला दिसला नाही, आणि जे अभ्यास आहेत तेही साधारण हेच सांगतात की दुखणं थोडा वेळ कमी वाटतं, परफॉर्मन्समध्ये फार काही नाही. अर्ध्या तासाच्या झोपेचे पाचशे रुपये. ऐरोलीला ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसून थेट क्लासला येणाऱ्यांना कदाचित जास्त आवडेल.

मसाज गन, म्हणजे स्नायूवर थडथड मारणारं हातातलं मशिन, फुकट वापरायला देतात, मांडीला आणि पोटरीच्या मांसल भागाला बरी आहे, पण एक मुलगी ती सरळ नडगीच्या हाडावर चालवत होती आणि तिला कोणी काही बोललं नाही. हाडावर, गुडघ्यावर, मानेच्या पुढच्या बाजूला ती लावायची नसते.

फिजिओ मॅडमबद्दल मात्र मनापासून. ठरावीक संध्याकाळीच असतात, आधी फोन करा. त्यांनी मशिनकडे बघितलंच नाही. पहिला प्रश्न, नडगी दुखते ती एका बोटाने दाखवता येईल अशा एका बिंदूवर की हातभर पसरलेली? माझी पसरलेली होती. एका बिंदूवर दाबून दुखत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, तिथे आईस बाथ-बिथ काही नाही, नाचणं थांबवून आधी ऑर्थोपेडिक. हे वाचणाऱ्या प्रत्येक मुलीने लक्षात ठेवा, कारण गार पाण्याने दुखणं दबतं आणि आपण त्याच हाडावर परत तत्कार करतो.

मग एका पायावर उभं करून टाच वर-खाली करायला लावली, उजव्याने झालं, डावा पाय बराच आधी थरथरायला लागला. म्हणाल्या रिकव्हरी कमी पडत नाहीये, पोटरीच तेवढ्या रियाजाच्या तयारीची नाहीये. टाचा उचलायचा व्यायाम गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा किंचित वाकवून असा दोन्ही प्रकारे, कारण पोटरीत दोन वेगळे स्नायू आहेत. आणि हॉलमध्ये टाइलवर लाकडी फळ्या टाकता येतात का बघा. ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या मी कधीची सांगतेय सेक्रेटरींना. तो विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये अडकलाय, एवढंच सांगते.

काउंटरवर रिकव्हरी ड्रिंक विकतात, अडीचशे रुपयांना, गुलाबी रंगाचं. घेऊ नका. लगेच दुसरं सेशन असेल तर पहिल्या काही तासांत दर तासाला वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास कार्ब लागतात, म्हणजे ५५ किलोच्या मुलीला ५५ ग्रॅम, दोन केळ्यांत तेवढे होऊन जातात, नाहीतर स्टेशनबाहेर इडली. प्रोटीन दिवसभरात किलोमागे १.२ ते २ ग्रॅम, आपल्याकडे शाकाहारी घरात हे खरोखर कमी पडतं, वरण पातळ असतं हो, त्यात डाळ शोधावी लागते. दही, पनीर, अंडी, मोड आलेली मटकी, जे चालेल ते वाढवा. खूप घाम गेला असेल तर इलेक्ट्रालचं (ओआरएस पावडर) २१.८ ग्रॅमचं पाकीट, पण पूर्ण एक लिटर पाण्यात, आमच्या बॅचमध्ये अर्ध्या बाटलीत टाकून पिणाऱ्या आहेत. पूर्ण पाकीट अर्ध्या पाण्यात टाकलं तर मीठ-साखर दुप्पट होते.

कोणी जाऊ नये ते पण. हृदयाचा त्रास, बीपी आटोक्यात नाही, थंडीत बोटं पांढरी पडतात, तर आईस बाथ नको. पायात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर बूट नको. यांच्या फॉर्मवर हे प्रश्न आहेत पण भरून दिल्यावर कोणी वाचलेला मला दिसला नाही, तेव्हा तुम्हीच तोंडाने सांगा.

ठाण्याहून येणाऱ्यांनी रविवारी ट्रान्सहार्बर लोकलचा मेगाब्लॉक बघूनच स्लॉट घ्या, उशीर झाला तर पैसे परत देत नाहीत. अनेक सेशनचा पॅक घ्यायचा असेल तर फक्त आईस बाथचा मागा, बोर्डवर लिहिलेला नाही पण मिळतो. आणि पॅक एकाच माणसाच्या नावावर लॉक असतो का ते विचारा, आमच्या बॅचमधल्या तिघींनी मिळून एकच घेतलाय, काउंटरवरच्या मुलाला माहितीये, तो काही बोलत नाही.