स्कीइंगच्या तयारीला काय बरं: इनलाइन स्केट्स, तोलाची फळी की मल्लखांब?

गुलमर्गला किंवा औलीला मुलांना स्कीइंगच्या शिबिराला पाठवणारी घरं आता बेळगाव-खानापूरकडेही दिसतात. तिथले दिवस मोजके, त्यातले पहिले दोन-तीन पडण्या-उठण्यात जातात. म्हणून तोलाची तयारी इथूनच करून न्यावी, हे बरोबर. पण कशावर? पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर माझं मत इनलाइन स्केट्सना.

स्कीवर वळताना भार बाहेरच्या पायावर येतो. डावीकडे वळायचं तर उजवा पाय दाबायचा, गुडघे वाकलेले, नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेली, छाती मात्र उताराकडे. एका ओळीत चाकं असलेल्या स्केटवर जवळपास हेच करावं लागतं. परदेशात उन्हाळ्यात स्कीपटू चाकांवरच खांबांमधून स्लालम, म्हणजे नागमोडी उतरण, काढतात. इनलाइन अल्पाइन हा वेगळा खेळच आहे. आपल्या शिवा केशवननेही चाकं लावलेल्या स्लेजवर डोंगरी रस्त्यांवर सराव केला आणि ल्यूजमध्ये, म्हणजे बर्फावर स्लेजवर उताणं झोपून घसरण्याच्या शर्यतीत, 1998 ते 2018 अशी सहा ऑलिंपिक गाठली.

बेळगावात स्केटिंगचं वेड जुनं, त्यामुळे शिकवणारे मिळतात. पण रिंकवरच्या फेऱ्या घड्याळाच्या उलट दिशेनं असतात. म्हणजे पोर सतत डावीकडेच वळतं. शिवाय वेगासाठी पायावर पाय टाकून वळायला शिकवतात, त्यात भार आतल्या पायावरही जातो. स्कीला ते चालत नाही. तेव्हा सरांना सरळ सांगा, "सर, आठवड्यातनं एकदा उलट्या फेऱ्या आणि शंकूसारखे प्लॅस्टिकचे कोन लावून नागमोडी घ्या की." नागमोडीत एकच बघायचं: वळणाच्या मध्यावर आतला पाय क्षणभर उचलता येतो का. आला, तर भार योग्य पायावर आहे. उचलताना अंग आतल्या बाजूला कलंडलं, तर वेग कमी करा.

बूट घेताना शर्यतीचे बुटके नकोत, घोट्याला आधार देणारे उंच घ्या. शिकाऊ मुलांचे दोन-दोन चाकांचे क्वाड सुरुवातीला ठीक आहेत, पण कडेवर कलायची सवय त्यांवर लागत नाही. हेल्मेट, मनगट आणि गुडघ्याचं संरक्षण याला पर्याय नाही. आणि घाटाच्या उतारावर नेऊन 'खरा सराव' करवायचा मोह आवरा.

तोलाची डगमगणारी फळी दिसायला भारी, पण माझा तिच्यावर फार विश्वास नाही. फळीवर उभं राहून मूल फळीवर उभं राहण्यातच तरबेज होतं. तिथं सगळं काम घोट्याचं. स्कीच्या कडक बुटात घोटा जवळजवळ जखडलेला असतो, तोल गुडघ्या-कंबरेतून सांभाळावा लागतो. त्यापेक्षा फरशीवर अनवाणी एका पायावर हळू बसणं-उठणं, बाजूला उडी मारून त्याच पायावर थांबणं हे फुकट आणि जास्त उपयोगी. समोरून बघा, गुडघा आत ढासळतोय का? ढासळत असेल तर उड्या थांबवून आधी बैठका सुधारा. बर्फावर गुडघे दुखावायला अशी सवयही कारण ठरते.

मल्लखांबाबद्दल बोलताना माझा हात थोडा आखडतो, कारण तो आपला आणि मला आवडतो. पकड, पोटाची ताकद, उलटं असताना अंगाचं भान, न घाबरणं, हे सगळं त्यातून मिळतं. पण पाय जमिनीवर नसतातच! आधीपासून करत असेल तर चालू ठेवा, केवळ स्कीसाठी नव्यानं लावू नका.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस, उघडी रिंक ओली असते. ते चार महिने घरातल्या एका पायाच्या कामाला द्या आणि दसऱ्यापासून स्केट्स धरा. निपाणी-चिकोडीकडे रिंक लांब पडत असेल, तर रविवारची एक फेरी आणि बाकी दिवस फरशी एवढ्यावरही भागतं. बारा ते चौदाच्या आसपास पोर एकदम उंच झालं, की जमत असलेलं काही महिने बिघडतं. तेव्हा नवीन काही शिकवू नका, कोनांतलं अंतर वाढवून तेच हळू करून घ्या.